माणूस कुठवर आलाय

सावेबाई कोणाच्याही घरात लगेच शिरत नसत. आतून दोनदा ‘या’ झालं तरी त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. दारातल्या चपला, दोरीवरचे कपडे, आत टीव्ही कोणासाठी लावलाय, खाट कुठे सरकवलीय, हे सगळं बघून घ्यायच्या आणि मगच पदर सावरून आत पाऊल टाकायच्या. पहिल्या दिवशी मला हे विचित्र वाटलं. परतताना मी विचारलं, तर म्हणाल्या, “आपण आलो हे कळलं की घर लगेच बदलतं, चुरी. ते बदलायच्या आधीचं थोडं बघून घ्यावं.”

मी पालघरचा. फिजिओथेरपीचं माझं छोटं काम स्टेशनच्या पूर्वेला चालतं. मुंबईच्या एका हॉस्पिटलात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर एका औषधाची चाचणी सुरू होती. अपघातानंतर पहिल्या काही तासांत अर्ध्या रुग्णांना खरं औषध मिळायचं आणि अर्ध्यांना नुसतं सलाईन. सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने त्या माणसाला त्याच्या घरी जाऊन बघायचं आणि तो कितपत बरा झालाय ते ठरवायचं. आमच्या जिल्ह्यातले रुग्ण बरेच होते. बोईसरचे कामगार, किनाऱ्याचे मच्छीमार, हायवेवर पडलेले. त्यांच्या घरी जायचं काम सावेबाईंचं होतं, आणि चालणं, तोल, हाताची ताकद तपासायला त्यांच्याबरोबर मी.

मोजायला एक शिडी होती. आठ पायऱ्यांची. सगळ्यांत खालची म्हणजे माणूस गेला. दुसरी म्हणजे डोळे उघडे, पण ओळख नाही. तिथून वर वर येत आठव्या पायरीवर माणूस अपघाताआधी होता तसा. घरी एकटा राहू शकतो का, बाजारात जाऊन वस्तू आणतो का, कामावर जातो का, मित्रांत बसतो का, चिडतो का, असे साधे प्रश्न. त्यांच्या उत्तरांवरून पायरी ठरायची. सावेबाई ‘बरा झाला’ हा शब्द कधी वापरत नसत. ‘कुठवर आलाय?’ असं म्हणत, जणू माणूस लांबच्या गावाहून चालत निघालाय आणि वाटेत कुठेतरी आहे.

त्यांची एक गोष्ट सगळ्यांना खटकायची. रुग्णाची बायको किंवा आई दवाखान्यातल्या औषधांबद्दल बोलायला लागली की बाई हात वर करायच्या. “ते मला सांगू नका.” ती तरीही बोलत राहिली तर सरळ उठून अंगणात जायच्या. कोणाला काय दिलंय हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, हा नियमच होता. पण नियम आम्हा सगळ्यांनाच होता. बाईंना तो सोवळ्यासारखा होता. “मला कळलं तर माझा डोळा फितूर होईल,” म्हणायच्या.

रुग्णाला आधी विचारायचं, घरच्यांना नंतर, आणि दोघांना वेगळं बसवून. चहा प्रश्न संपल्याशिवाय नाही, आणि संपल्यावरही बहुतेकदा नाहीच. दुचाकीवर त्या बसत नसत. माझी मोटारसायकल दारात उभी असली तरी रिक्षा किंवा एसटी. आणखी एक. बोईसरजवळच्या कुंभवलीत कंपन्यांचा वास असा येतो की नवा माणूस नाकाला रुमाल लावतो, आणि किनाऱ्याला बोंबील सुकवायच्या मांडवांखालून जाताना माझाही श्वास अडतो, मी इथला असून. सावेबाईंचा चेहरा हलत नसे. मला वाटायचं, ही संयमाची कमाल आहे.

कुंभवलीच्या रामप्रवेशची गोष्ट मी विसरणार नाही. उत्तरेकडून आलेला तिशीचा कामगार, चाळीत भाऊ-भावजयीजवळ राहायचा. कंपनीत शिडीवरून पडून डोक्याला मार लागला होता. आम्ही गेलो तेव्हा भांग पाडून, धुतलेला शर्ट घालून खाटेवर ताठ बसला होता. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार.

“काम पे जाते हो?”

“जी. रोज. सुबह की पाली.”

“कोई तकलीफ?”

“कुछ नहीं. सब पहले जैसा.”

भावजयीनेही मान हलवली. रोज सकाळी डबा घेऊन जातो, दुपारी येतो, कोणाशी भांडत नाही. मी तोल तपासला, उत्तम. माझ्या मनात त्याची पायरी ठरली होती. बाई बाहेर पडल्या आणि गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. “चपलांना कंपनीतली कसलीच घाण नाही,” एवढंच बोलल्या. “उद्या सकाळी येता का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लांबून त्याच्या मागे गेलो. कामगारांच्या लोंढ्यातून तो बरोबर चालला होता, ओळखीच्यांना मान हलवत. मग मोठा रस्ता सोडून एका आडव्या रस्त्याला वळला. तिथे एक कंपनी होती, कधीची बंद पडलेली. फाटकाला गंजकी साखळी, आत माणसाएवढं गवत. रामप्रवेश फाटकापाशी उभा राहिला. खिशातून ओळखपत्र काढून पुढे धरलं. समोर कोणीच नव्हतं. थोडा वेळ थांबून, कोणीतरी ‘जा’ म्हटल्यासारखी मान हलवून, तो भिंतीच्या सावलीला गेला आणि हात मांडीवर ठेवून बसला.

मला पुढे जाववेना. बाई गेल्या, त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. दूरच्या कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला तसा तो उठला, बाईंना नमस्कार करून घरच्या वाटेला लागला.

“तो खोटं बोलत नव्हता,” बाई म्हणाल्या. “तो कामावरच जातो.” मग त्यांनी त्याला बऱ्याच खालच्या पायरीवर आणलं. पुढे त्यांनी भावाला बोलावून समजावलं, आणि काही महिन्यांनी रामप्रवेश गावी गेला. तिथे तो रोज कुठल्या फाटकापाशी जात असेल, हा विचार माझ्या मनात अजून येतो.

दातिवऱ्याचे काशिनाथ आणि जनाबाई हे जोडपं मात्र वेगळं होतं. काशिनाथ बोटीवर जाळं ओढत असताना दोर तुटला आणि लोखंडी कप्पी त्याच्या डोक्यावर आदळली. सहा महिन्यांनी आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात जाळं दुरुस्त करत होता. उठून उभा राहिला, खुर्च्या मांडल्या, पाणी आणलं. समुद्रावर पुन्हा जातो. हिशोब कळतो. बाजार करतो. झोप चांगली. चिडचिड नाही. आवाज मऊ, नजर शांत. इतक्या सगळ्या रुग्णांत असा माणूस मी पाहिला नव्हता.

मग बाई जनाबाईंना घेऊन मागच्या पडवीत बसल्या. मीही होतो.

“चिडतात का?”

“नाय.”

“उगाच रडणं, संशय घेणं, भांडण?”

“नाय नाय. अपघाताआदी चिडायचा. दारू प्यायचा, हात पन टाकायचा. आता दारूला शिवत नाय. सकाळी उटून आंगन झाडतो.”

“मग चांगलंच आहे की,” मी मध्ये बोललो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

जनाबाई बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत राहिली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “बाय, तो मना तुमी म्हनतो.”

“म्हणजे?”

“जना म्हनत नाय. ए, गो, कायच नाय. ‘तुम्ही जेवलात का?’ म्हनतो. ‘तुम्ही झोपा.’ लग्नापास्नं मना कोनी तुमी म्हटला नाय. वाडीतली सगली नावं त्याला आठवतात. माज्या बापाचं घर आठवतं. पोरगा गेला तो दिवस आठवतो. सगला आठवतो. पन हा माजा नवरा नाय, बाय. ह्याला कोनीतरी माज्या नवऱ्याची सगली गोष्ट सांगितलेली हाय.”

बाहेरून जाळ्याच्या सुईची टिकटिक येत होती. सावेबाईंचं पेन थांबलं होतं. मी त्यांना प्रश्नाच्या मध्ये थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“तुम्हाला त्रास होतो?”

“तरास कसला? भीती वाटते. मी आत कडी लावून झोपते. तो पडवीत झोपतो. कायच बोलत नाय. कडी लावली तर म्हनतो, ‘बरं केलंत.’”

शिडीतला प्रश्न असा होता की स्वभाव बिघडल्यामुळे घरच्यांना त्रास होतो का. स्वभाव सुधारला तर काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नियमाने काशिनाथ आठव्या पायरीवर होता. बाईंनी तसंच नोंदवलं. पण रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, “आज मी बरोबर मोजलं, आणि चुकीचं मोजलं.”

चिंचणीला त्यांच्या घरी मी तोवर कधी गेलो नव्हतो. जवळपासचा एक रुग्ण बघून झाला, दुपार झाली होती, आणि बाई अचानक म्हणाल्या, “जेवायला चला.” त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

घर वाडीच्या तोंडाशी, मागे चिकू आणि नारळ, विहीर. भाऊ विलास वाडी बघायचा. आई ओट्यावर बसून कोबीची भाजी चिरत होती. ऐंशीच्या पुढची, पण हात भराभर चाललेले. मला बघून तिने पाट सरकवला, गाव विचारलं, आमच्या चुरी घराण्यातल्या दोन माणसांची नावं घेऊन त्यांच्याशी माझं नातं काय ते बरोबर काढलं. तल्लख बाई. सावेबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

मग आईने विचारलं, “तुमी हेमाबरोबर कामाला हाव का?”

मी हो म्हणालो. हेमलता हे बाईंचं नाव मला ठाऊक होतं.

“मग तिला सांगा. आये वाट बगते, लवकर ये म्हना.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी सावेबाईंकडे पाहिलं. त्या चिरलेला कोबी ताटात सारखा करत होत्या. आईने त्यांच्या हातातलं ताट घेतलं आणि “ठेवा, मी करते” म्हणून आत गेली. ठेवा, म्हणाली. ठेव नाही.

जेवण झाल्यावर विलास मला वाडी दाखवायला घेऊन गेला आणि मी न विचारताच बोलला. “आईचं डोकं ठीक हाय, हां. तिला सगलं समजतं. फक्त ताईचं तेवढं.”

हेमलता कॉलेजात असताना मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून घरी येत होती. वळणावर खडी होती. मैत्रिणीला खरचटलं, ही रस्त्यावर डोक्यावर पडली. रक्त फारसं नाही, पण कित्येक दिवस शुद्ध नव्हती. “आधीची हेमा म्हणजे,” विलास हसला, “रस्त्यावरनंच वरडत यायची. ‘आये, आली मी!’ आळीभर कळायचं. मारामाऱ्या, गाणी, उष्टं तोंड घेऊन स्वयंपाकघरात. अभ्यासाचं नाव नाय. आणि हॉस्पिटलातनं आली ती ही. हळू बोलनारी. कपड्यांच्या घड्या करनारी. ही शिकली, नोकरीला लागली, मला शिकवलं, घराची कौलं हिने बदलली. आम्हाला सवय झाली. आईला नाय झाली. तवापास्नं ती हिला तुमी म्हनते. आणि संध्याकाळी रस्त्याकडे बगते.”

“आणि ताई?”

“ताई काय, ताई जेवायला वाढते तिला.”

परतताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. बाईच बोलल्या, खिडकीबाहेर बघत. “विलासने सांगितलं असेल. वास तेव्हाच गेला माझा. लोकांना वाटतं मला धीर फार.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “मला सगळं आठवतं, चुरी. गाणी, मार, सगळं. पण दुसऱ्या कोणीतरी सांगितलेलं आठवावं तसं. म्हणून आईचा मला राग येत नाही. ती वेडी नाही आणि खोटंही बोलत नाही. तिला दिसतं तेवढंच सांगते. आणि माझ्या डॉक्टरांनी मला तेव्हा पूर्ण बरी म्हणून घरी पाठवलं होतं. तेही खोटं बोलत नव्हते.”

त्या दिवसानंतर बाई उंबऱ्यापाशी थांबायच्या, त्याची मला भीती वाटायला लागली. दुसऱ्यांच्या दारात त्या उभ्या असल्या की वाटायचं, आत जावं की नको हे त्यांना खरंच ठरवायचंय.

वर्षाची फेरी आली तेव्हा आम्ही पुन्हा दातिवऱ्याला गेलो. काशिनाथ तसाच, शांत, नेटका. पण घरात काहीतरी बदललं होतं. ओट्यावर एक बांधलेलं गाठोडं होतं. जनाबाई माहेरी निघाली होती, कायमची. आम्ही येणार म्हणून थांबली होती.

बाईंनी प्रश्न पूर्ण केले, एकही शब्द इकडेतिकडे न करता. पुन्हा आठवी पायरी. कागद पिशवीत ठेवले. मग जनाबाईने विचारलं, “बाय, खरा सांगा. माजा तो परत येल का?”

असल्या प्रश्नाला आमचं ठरलेलं उत्तर होतं. डॉक्टरांना भेटा, असं सांगायचं आणि उठायचं. सावेबाई उठल्या नाहीत. “चहा कराल का थोडा?” म्हणाल्या. मी चकित होऊन बघत राहिलो. चहा आला, त्यांनी तो हातात घेतला आणि सांगायला लागल्या. खडी, स्कूटर, आई, संध्याकाळ. आवाज चढला नाही की उतरला नाही. रिपोर्ट वाचावा तसं सगळं सांगितलं.

“माझी आई इतकी वर्षं वाट बघते आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी तिच्यासमोर बसलेली असते. तिची मुलगी परत येणार नाही, हे मला माहीत आहे. पण मी आहे ना. मला तिने एकदाही विचारलं नाही, की बाई, मग तुम्ही कोण?”

जनाबाईने गाठोड्याकडे पाहिलं. “तो माजा नवरा हाय असा तुमी म्हनत नाय?”

“नाही म्हणत. आणि नाही असंही म्हणत नाही. मला मोजता येतं, ओळखता येत नाही. जायचं तर जा. तुमचा हक्क आहे. पण जाण्याआधी त्यांना एकदा विचारा.”

जनाबाई उठली. बाहेर अंगणात काशिनाथ जाळ्यावर वाकून बसला होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, नव्या पाहुण्यासमोर बसतात तशी, थोडं अंतर राखून. आम्हाला पाठमोरी होती. तिने काहीतरी विचारलं. काशिनाथची सुई थांबली. इतक्या दिवसांत त्याच्या त्या शांत चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं, आणि तो हळूहळू बोलायला लागला. बोलता बोलता त्याचे डोळे भरले. तो काय बोलला ते जनाबाईलाच माहीत. आम्ही निघालो तेव्हा गाठोडं ओट्यावरच होतं. पुढे मला त्या बाजूच्या एकाने सांगितलं, की ती गेली नाही. दोघं एकमेकांना अहोजाहो करतात म्हणून वाडीतले लोक हसतात.

चाचणी संपली. औषधाने विशेष फरक पडला नाही, असं आम्हाला कळवण्यात आलं. सावेबाईंनी दुसरं काम घेतलं नाही. आई अंथरुणाला खिळली होती. मग एक दिवस आई गेल्याचं विलासने फोनवर सांगितलं.

तेरावं झाल्यावर मी चिंचणीला गेलो. ती आमची शेवटची भेट. विलास ओट्यावर एकटाच होता, दाढी वाढलेली. मला बसवून त्याने हळू आवाजात सांगितलं.

“शेवटच्या दिवशी आईने अन्नपानी सोडलं होतं. फक्त विचारायची, हेमा आली का. ताई उशाशी, पन तिच्याकडे बगून हेच विचारायची. दुपारी ताई उटून बाहेर गेली. मी मागे विहिरीवर होतो. आणि रस्त्याकडनं आवाज आला.” त्याने माझा हात धरला. “‘आये, आली मी!’ चुरीसाहेब, मी त्या आवाजाबरोबर वाढलोय. घागर टाकून पळत आलो. दारात ताई उभी होती. हसत होती, सगले दात दाखवून. तशी ती हसतच नाय. आई म्हणाली, ‘किती गो उशीर?’ आणि तिने ताईच्या गालावर हात ठेवला. संध्याकाळी गेली.”

“बाईंनी आईसाठी केलं,” मी म्हणालो.

“मी पन तेच म्हटलं ताईला, की बरं केलंस. तर ती म्हणाली, ‘मी काही केलं नाही. मी पाणी प्यायला बाहेर गेले होते.’”

विलास उठला. त्याला चिकूवाल्या व्यापाऱ्याकडे जायचं होतं. “ताई मागे असेल, बगा,” म्हणाला आणि फाटकाबाहेर गेला.

मी घराला वळसा घालून मागे गेलो. विहिरीपाशी त्या पाठमोऱ्या बसून पितळेची भांडी घासत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मी थोड्या अंतरावर थांबलो आणि हाक मारली, “सावेबाई.” त्यांनी वळून पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली. हात तसेच चाललेले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, “हेमा गो, चिंच कवा देतेस?”

“देते गो, जीव नको खाऊ!” त्या मोकळ्या गळ्याने ओरडल्या आणि वळल्या. मला बघून मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. त्या नजरेत ओळख नव्हती. परका माणूस अंगणात आल्यावर असावा तेवढाच कुतूहलाचा भाव होता.

“कोन पायजे तुमाला?”

“सावेबाईंना भेटायला आलोय,” मी म्हणालो.

“बसा ओट्यावर,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या. “येल ती.”

मी येऊन ओट्यावर बसलो. ही थट्टा असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. पण सावेबाईंनी कधी थट्टा केलेली मला आठवत नव्हती. मागून भांड्यांचा आवाज येत होता, मग तो थांबला. घर अगदी गप्प झालं. उठून जावं असं वाटत होतं, तरी मी बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने आतला दरवाजा वाजला. सावेबाई बाहेर आल्या. साडी नीट, केस बांधलेले, हातात पाण्याचा तांब्या. मला बघून त्या उंबऱ्यावर थांबल्या.

“अहो चुरी,” त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही कधी आलात?”

“आत्ताच,” मी म्हणालो.